गाडी यायच्या आधी सॉकेट यायला हवं

घरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरली तेव्हा नवरा रंग बघत बसला आणि मी वही उघडली. अठ्ठावीस वर्षं लोकांचे जमाखर्च लिहितेय, सवयच ती. वहीचं पहिलं पान बुकिंगचं नव्हतं, पार्किंगचं होतं. पेट्रोलची गाडी घरी आणून नुसती उभी केली तरी चालतं, पंप तिची वाट बघत असतो. या गाडीचा पंप मात्र आपणच बांधायचा असतो. त्यासाठी सोसायटीची सही लागते, वायरमन लागतो, महावितरण लागतं. या तिघांपैकी कुणालाही तुमच्या डिलिव्हरीच्या तारखेशी काही देणंघेणं नसतं.

आमची गाडी ५ जुलै २०२५ ला, आषाढी एकादशीच्या आदल्या शनिवारी, नाशिकमध्ये बुक झाली. हातात आली २२ सप्टेंबरला, घटस्थापनेला. म्हणजे अकरा आठवडे. सेल्सच्या मुलानं सांगितले होते चार. गाडीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण नाव घेतलं की लोक गाडीवरच भांडतात आणि कामाची गोष्ट बाजूला पडते. शिवाय मी जे सांगणार आहे ते कुठल्याही गाडीला लागू पडतं.

आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

टेस्ट ड्राइव्हच्याही आधी. तुमच्या जागेवर गाडी नाक आत करून लागते की मागे घेऊन? खांब कुठल्या बाजूला आहे? गाडीचं चार्जिंगचं तोंड कुठे आहे? कुणाचं पुढच्या चाकाच्या वर असतं, कुणाचं मागे पेट्रोलच्या झाकणाच्या जागी, कुणाचं समोर नाकावर. गाडीबरोबर येणारी वायर साधारण पाच मीटरची असते, आणि ती जमिनीवरून दुसऱ्याच्या जागेतून नेता येत नाही. आम्हाला आवडलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचं तोंड बरोबर खांबाच्या बाजूला येत होतं. दार उघडायलाच जेमतेम वीतभर जागा, तिथं रोज रात्री वाकून वायर कोण लावणार? ती गाडी तिथंच बाद झाली. नवऱ्याला अजून तिचा रंग आठवतो.

दुसरं माप मीटरपासून जागेपर्यंतचं. सरळ रेषेत मोजू नका. पाइप जसा भिंतीच्या कडेनं वळत जाईल तसं मोजा. आमचं सरळ रेषेत बावीस मीटर होतं, पाइपच्या वाटेनं अडतीस भरलं. वायरमनचं कोटेशन याच आकड्यावर ठरतं. वायर जितकी लांब, तितकी ती जाड घ्यावी लागते, नाहीतर वाटेतच व्होल्टेज कमी होतं.

चार्जर किती मोठा हवा, हा प्रश्न लोक उगाच अवघड करतात. घरी दोनच पर्याय असतात. एक ३.३ किलोवॅटचा, गाडीबरोबर येणारा, १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालणारा. दुसरा भिंतीवर लावायचा ७.२ किलोवॅटचा. माझं रोजचं धावणं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एका युनिटमध्ये सहा-साडेसहा किलोमीटर धरले तर रोज सात युनिट, छोट्या चार्जरवर अडीच तासांचं काम. रात्री दहाला लावलं तर पहिली झोप लागेपर्यंत झालं. ४५ युनिटांची बॅटरी तळापासून भरायला चौदा-पंधरा तास लागतात हे खरं, पण तळापर्यंत रोज कोण जातं? ज्यांचं रोजचं धावणं शंभर-सव्वाशेच्या वर आहे किंवा घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या आहेत, त्यांनी मोठा घ्यावा. बाकीच्यांनी आधी छोट्यावर सहा महिने काढून बघावेत. फक्त पाइप आणि वायर मोठ्या चार्जरच्या मापाची टाका. दुसऱ्यांदा भिंत फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

बिलाचं गणितही आत्ताच करा. महिन्याला अकराशे किलोमीटर म्हणजे चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून एकशे नव्वदच्या आसपास युनिट. आमचं घरचं बिल दीडशे युनिटांचं असायचं. दोन्ही मिळून आपण तीनशेच्या वरच्या टप्प्यात जातो, आणि महावितरणचा तो टप्पा महाग आहे. गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं तर दर वेगळा लागतो, पण स्थिर आकारही वेगळा भरावा लागतो. धावणं जास्त असेल तर वेगळं मीटर परवडतं. आमचं घरच्याच मीटरवर बसत होतं, म्हणून तिथूनच लाइन काढली आणि मंजूर भार तीन किलोवॅटवरून सहावर नेण्याचा अर्ज ऑनलाइन केला. घरात गिझर, ओव्हन, एसी आणि खाली गाडी, हे सगळं तीन किलोवॅटमध्ये मावत नाही. अर्ज बुकिंगच्याच आठवड्यात करा, डिलिव्हरीच्या नव्हे.

सोसायटी

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण अकरा आठवड्यांतले पाच इथेच गेले.

तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की तोंडी "बघू" मिळतं. एक पानी पत्र द्या. त्यात चारच गोष्टी असाव्यात: लाइन माझ्या मीटरवरून येईल, सगळा खर्च माझा, काम परवानाधारक विद्युत ठेकेदार करेल आणि त्याचा चाचणी अहवाल सोसायटीला देईन, जागा सोडून गेले तर भिंत होती तशी करून देईन. खाली पाइप कुठून जाणार याचा हातानं काढलेला नकाशा जोडा. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत, वाहनमालक घरच्या सध्याच्या वीज जोडणीवर गाडी चार्ज करू शकतो, असं लिहिलेलं आहे. त्या पानाची प्रत मी पत्राला लावली, पण बैठकीत काढली नाही. कायदा पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवला की समोरचा वकील शोधायला लागतो.

बैठकीत व्हायचं तेच झालं. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आग लागली तर जबाबदार कोण?" प्रश्न चुकीचा नाही. उत्तर असं की धोका असतो तो खिडकीतून खाली सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचा आणि ढिल्या सॉकेटचा. सात-आठ तास सलग तेरा-चौदा अँपिअर ओढले की कच्ची जोडणी तापते. मी म्हटलं, "काका, एकदा माझ्याबरोबर मीटर रूममध्ये चला." गेलो. दार उघडताच जळक्या प्लास्टिकचा वास. लिफ्टच्या लाइनचा एक जोड काळा पडला होता, त्याच्यावरचं आवरण वितळून पापडासारखं उलटं वळलं होतं. काका बराच वेळ टॉर्च मारून बघत राहिले. पुढच्या बैठकीत ना-हरकत मिळाली, आणि लिफ्टचा जोडही दुरुस्त झाला.

अर्थिंग

गाडीचा चार्जर फार चिकित्सक असतो. मिक्सर, फ्रिज, पंखा अर्थिंग नसतानाही वर्षानुवर्षं चालतात, कुणी तक्रार करत नाही. हा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, पसंत पडलं नाही तर लाल दिवा लावून बसतो. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकानं गाडी आणली, पूजा झाली, पेढे वाटले आणि रात्री वायर लावली तर लाल दिवा. सर्व्हिस सेंटरचा माणूस आला आणि गाडीत काही दोष नाही सांगून गेला. दोष जमिनीत होता.

म्हणून गाडी यायच्या आधी वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. आमच्या वायरमन काकांनी मीटर लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेवीस." मग बाहेर जाऊन अर्थिंगचा खड्डा शोधायला लागले. बिल्डिंग २००४ ची. खड्डा गुलमोहराच्या खाली, त्यावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवलेली. झाकण उघडलं तर आतली पट्टी गंजून हाताला तुकड्यातुकड्यानं आली. नवीन खड्डा, नवी प्लेट, कोळसा-मीठ, वरून पाणी. दोन दिवसांनी मोजलं तेव्हा दीडच्या खाली. खर्च माझा झाला, पण अर्थिंग अख्ख्या विंगला मिळालं. तेवढ्यावर पुढची दोन वर्षं माझी पार्किंगची तक्रार कुणी करणार नाही, असं मी गृहीत धरलंय.

सॉकेट घरातलं पांढरं प्लास्टिकचं लावू नका. धातूच्या डब्यातलं इंडस्ट्रियल सॉकेट मागा, दुकानदाराला बरोबर कळतं. त्या लाइनला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली, कुणाला शॉक बसू लागला की लाइन तोडणारा). हा दुसरा टाळून पैसे वाचवू नका, ओल्या हातानं वायर धरणारे आपणच असतो. ३.३ साठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. पुढे मोठा चार्जर लावायचा म्हणून आणि अंतर लांब म्हणून आम्ही ६ ची टाकली. सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर. आमच्याकडे जुलैत पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी येतं, ते बघूनच उंची ठरवली. पावसाळ्यात बुकिंग करण्याचा हा एक फायदा.

बुकिंग आणि कोटेशन

बुकिंगची रक्कम कंपनीच्या संकेतस्थळावर भरा किंवा डीलरकडे, पण ऑर्डर क्रमांक तुमच्या मोबाइलवर आला पाहिजे. नुसती शोरूमची पावती म्हणजे रांगेत नंबर लागला असं नाही. पावतीवर मॉडेल, बॅटरीचं माप, रंग आणि रद्द केल्यास किती परत, हे चार शब्द हातानं का होईना लिहून घ्या.

कोटेशन हे वाचण्याचं वाङ्मय आहे. एकेक ओळ घ्या.

जीएसटी इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के आहे, १ ऑगस्ट २०१९ पासून. २२ सप्टेंबर २०२५ ला पेट्रोल-डिझेल गाड्यांचे दर बदलले, पण इलेक्ट्रिकचा दर तोच राहिला. तरी त्या महिन्यात आम्हाला एकानं सांगितलं "थांबा, स्वस्त होईल" आणि दुसऱ्यानं "घाई करा, महाग होईल". दोघंही एकाच शोरूममधले.

रोड टॅक्स महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला माफ आहे. त्या ओळीत शून्य असलं पाहिजे. तिथं काही आकडा दिसला तर विचारा. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या गाड्यांना ६ टक्के कर मांडला होता, तोही नंतर मागे घेतला.

दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस लागतो. हा खर्च नाही, तुमचाच आगाऊ कर आहे. पॅन नंबर बरोबर दिला तर आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो. बिल नवऱ्याच्या नावानं आणि पॅन बायकोचा, असला घोळ करू नका. माझ्याकडे दरवर्षी जुलैत असे दोघंतिघं येतात.

"मॅडम, लोनच्या व्याजावर दीड लाखाची वजावट मिळते." हे वाक्य मला तीन शोरूममध्ये ऐकायला मिळालं. कलम ८०ईईबी. ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती. आज नवं कर्ज काढणाऱ्याला ती नाही. मी काय काम करते ते त्या मुलांना सांगितलं नाही, नुसतं ऐकून घेतलं. व्याजदरात मात्र फरक पडतो. काही बँका इलेक्ट्रिक गाडीला थोडा कमी दर देतात, स्टेट बँकेचं ग्रीन कार लोन त्यासाठीच आहे. आपल्या बँकेत विचारल्याशिवाय शोरूममधल्या टेबलावरच्या फायनान्सवाल्याकडे सही करू नका.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक नावाची एक ओळ असते. आमच्या कोटेशनवर साडेआठ हजार होती. मी एवढंच म्हटलं, "याचं वेगळं जीएसटी बिल द्या." पुढच्या कोटेशनमधून ती ओळ गायब.

विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून त्याच कव्हरचे दोन भाव आणा आणि समोर ठेवा. आम्हाला बासष्ट हजार सांगितलेला विमा शेवटी सत्तेचाळीसला त्यांच्याकडूनच मिळाला. इथं इंजिनाचे सीसी नसतात, थर्ड पार्टीचा हप्ता मोटरच्या किलोवॅटवर ठरतो. झिरो डेप, म्हणजे भाग बदलताना घसारा न कापणारं कव्हर, तर घ्याच. त्याशिवाय बॅटरीत पाणी शिरण्याचं आणि चार्जरचं कव्हर आहे का ते शब्दांत वाचा. नाशिकमध्ये गोदावरीला पूर आला की रस्त्याची नदी व्हायला वेळ लागत नाही.

जुनी गाडी एक्सचेंजमध्ये देणार असाल तर तिचा भाव "डिलिव्हरीच्या दिवसापर्यंत कायम" असं लिहून घ्या. आमची अकरा वर्षांची हॅचबॅक जुलैत एक लाख पंच्याऐंशीची होती, सप्टेंबरमध्ये तीच एक लाख साठची झाली. वाट त्यांनी बघायला लावली आणि घसारा मी सोसायचा, हे कुठल्या हिशेबात बसतं? ओळखीच्या मेकॅनिकला एक लाख ऐंशीला देऊन टाकली.

वाट कशी बघायची

रोज फोन करू नका. सोमवारी सकाळी अकराला एक मेसेज, त्यात तीन प्रश्न: कंपनीकडून डीलरच्या नावानं बिल झालं का? ट्रेलर निघाला का? चासी नंबर काय? "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर धरू नका. चासी नंबर नाही म्हणजे तुमच्या नावाची गाडी अजून नाही. चासी नंबर आहे म्हणजे गाडी तयार आहे, कुठेतरी उभी आहे, आणि ती कुठे आहे हे सांगणं त्यांना जमलं पाहिजे.

कारणं खरीही असतात. चीननं एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि मोटरला तीच चुंबकं लागतात. सेल्सच्या मुलानं "चायनाचं काहीतरी" म्हटलं ते अगदीच थाप नव्हती. पण आपल्याला कारण तपासता येत नाही, चासी नंबर तपासता येतो.

गणपतीच्या तीन दिवस आधी, रविवारी फोन आला. "ताई, तुमच्यासाठी खास गाडी काढली, बाप्पाच्या आधी घेऊन जा." चासी नंबर मागितला, आढेवेढे घेत मिळाला. यार्डात गेलो. पत्र्याच्या शेडबाहेर रांगेत उभी, काचेवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. पाटीवर उत्पादनाचा महिना फेब्रुवारी. चावीचं बटण दाबलं, दार उघडेना. लहान बारा व्होल्टची बॅटरी बसली होती. जंप देऊन सुरू केली तर मोठी बॅटरी नऊ टक्के. लिथियमची बॅटरी महिनोन्महिने अशी जवळजवळ रिकामी पडून राहणं तिला मानवत नाही.

"ताई, नवीनच आहे, किलोमीटर बघा ना. अकरा."

"पिठाचा डबा सहा महिने उघडला नाही म्हणून पीठ ताजं होतं का रे?"

चाळीस हजार सूट देतो म्हणाले. घेतली नाही. जुना स्टॉक कधीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. सूट दणदणीत असेल, उत्पादनाचं वर्ष मागचं नसेल आणि बॅटरीचा तपासणी अहवाल लेखी देत असतील तर व्यवहार होऊ शकतो. पण तो त्यांनी आधी सांगून व्हायला हवा, खास गाडी म्हणून नव्हे. आणि नाही म्हणता येतं ते केवळ एका कारणानं: तोपर्यंत त्यांच्याकडे माझे एकवीस हजार होते, सोळा लाख नव्हते.

पैशांचा क्रम यासाठीच. बुकिंग, मग चासी नंबर, मग गाडी बघणं, मग उरलेले पैसे, मग विमा आणि पासिंग, शेवटी डिलिव्हरी. शोरूमला हवा असतो तो क्रम उलटा: "पेमेंट करून टाका, पासिंग झालं की गाडी बघा." पासिंग झालं म्हणजे गाडी तुमच्या नावावर लागली. मग दारावर ओरखडा असो की काही, ती तुमचीच. बँकेलाही तेच बजावा. मी सांगितल्याशिवाय रक्कम सोडायची नाही, कारण रक्कम सुटली त्या दिवसापासून व्याज माझ्या डोक्यावर.

यार्डातले अडीच तास

दुसरी गाडी १६ सप्टेंबरला बघितली. पितृपक्ष होता. शोरूममध्ये चिटपाखरू नाही, यार्डातली पोरं कॅरम खेळत होती. गाडी तपासायला यासारखा मुहूर्त नाही. कुणी घाई करत नाही, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं नसतं. हीच गाडी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बघायला गेलात तर पंधरा मिनिटांत हाकलतील.

दिवसाउजेडी जा, गाडी धुतलेली पण पॉलिश न केलेली मागा. सोबत टॉर्च, जुनं बेडशीट आणि फोन. बेडशीट खाली टाकून गाडीच्या पोटाखाली टॉर्च मारायचा. सगळी बॅटरी तिथं असते आणि ट्रेलरवरून उतरवताना पोटाला घासलेलं वरून कधीच दिसत नाही. नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून लोळण घेतली. फोटो काढले, खरचटा नव्हता.

टायरवर चार आकडे असतात. २८२५ म्हणजे २०२५ चा अठ्ठाविसावा आठवडा. चारही टायर जवळपासच्या आठवड्यांतले असावेत. पाटीवरचा चासी नंबर, काचेतून दिसणारा आणि कागदावरचा, तिन्ही बोट ठेवून जुळवा. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हे आत्ताच कळू दे. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते आणि कसारा घाटात ते कळणं बरं नव्हे.

मग सगळ्यात महत्त्वाचं: यार्डातच गाडी चार्जिंगला लावा. नुसतं "होते चार्ज" ऐकून येऊ नका. तुमच्या डिकीत येणार आहे तीच वायर काढायला लावा, दहा मिनिटं लावा, स्क्रीनवर किलोवॅट दिसतात का बघा, वायर सोडवताना अडकते का बघा. आमची वायर सुटेना. गाडी लॉक असली की वायरही लॉक राहते हे पोरालाही माहीत नव्हतं. दोन मिनिटांचा घाम, पण घरी रात्री अकराला तो येण्यापेक्षा बरा. एसी, काचा, कॅमेरा, सगळे दिवे, दोन्ही चाव्या हे नेहमीचं झालंच. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर नखभर रंग उडालेला सापडला. तो कागदावर लिहून, सही घेऊन, मगच पैसे भरले.

पासिंग पितृपक्षातच उरकलं. नवरा कुरकुरला. संगमनेरहून आईचा फोन आला तेव्हा तिला विचारलं, ती म्हणाली, "कागदाला कसला आलाय पितृपक्ष? गाडी घटाला आण म्हणजे झालं." ज्यांच्या घरी हे चालतं त्यांनी जरूर करा, कारण सणाच्या आठवड्यात पासिंगचीही रांग लागते. चॉइस नंबर हवा असेल तर तो आधीच सांगा, त्याचे दिवस वेगळे मोजा. नंबर प्लेट हिरवी, अक्षरं पांढरी. फास्टॅग चासी नंबरवर काढलेला असेल तर पासिंगनंतर तो नोंदणी क्रमांकावर करून घ्या. समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक गाडीला राज्यानं टोलमाफी दिली आहे, पण टोलनाक्यावरच्या यंत्राला तुमची गाडी इलेक्ट्रिक आहे हे टॅगच्या नोंदीवरूनच कळणार.

आणायचा दिवस

२२ तारखेला शोरूमची जत्रा झाली होती. पेट्रोलच्या गाड्यांचे नवे दर त्याच दिवसापासून, म्हणून महिनाभर थांबलेले सगळे एकदम आलेले. आमचं सगळं आधीच झालेलं, त्यामुळे अर्ध्या तासात सुटलो. आदल्या दिवशी फोन करून फक्त एक सांगितलं होतं: गाडी ऐंशी टक्के चार्ज करून ठेवा. पेट्रोलच्या गाडीत पाच लिटर घालून देतात आणि पुढचा पंप गाठता येतो. हिला वीस टक्क्यांवर दिली तर पहिल्याच दिवशी सगळ्या घराच्या नजरा रस्त्यावर नाही, टक्क्यांवर.

पिशवीत काय आलं ते तिथंच मोजा: मूळ बिल, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला, यावर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं, तुमचं पाटीशी जुळतं का बघा), फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला), विमा, दोन चाव्या, चार्जिंगची वायर, बॅटरीच्या वॉरंटीचं पुस्तक. आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर ही वॉरंटी बऱ्याच गाड्यांना असते. त्यापेक्षा जास्त सांगत असतील तर ती फक्त पहिल्या मालकाला आहे का, ते वाचा. गाडीचं ॲप तुमच्या नंबरवर त्यांच्यासमोरच सुरू करून घ्या. नंतर घरून केवायसीसाठी सात फोन होतात.

पूजेच्या बाबतीत एकच सूचना. चाकाखाली लिंबं ठेवा, नारळ फोडा, स्वस्तिक काढा. पण चार्जिंगचं झाकण उघडून आत हळद-कुंकू लावू नका. आमच्या सासूबाईंनी "हेच हिचं तोंड ना?" म्हणत प्रेमानं चिमूट सोडली. रात्री कोरड्या ब्रशनं टॉर्चच्या उजेडात कुंकू झाडत बसले. मग वायर लावली, टक् असा आवाज आला आणि हिरवा दिवा लागला. वायरमन काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर सकाळी आलं: "महिन्यानं एकदा खड्ड्यात पाणी टाकत जा."